'कमिंग आउट' : एका शब्दप्रयोगाचा अर्थविकास आणि डिस्कोयुगातील समलिंगी तारुण्य

शब्दावाचून कोणतीही जाणीव संभवत नाही, सर्व ज्ञान शब्दाने अनुविद्ध झालेले असते, असा सिद्धान्त भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त मांडला आहे. हा सिद्धान्त सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकविला जातो आणि बहुधा तेथेच राहतो. परंतु काही मानवसमूहांच्या बाबतीत तो नित्याच्या जगण्याचा प्रश्न होऊन बसतो. एखाद्या मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी स्वतःविषयी काही उमगावे, आणि ते दुसऱ्यास सांगण्यासाठी, किंबहुना स्वतःशी उच्चारण्यासाठीही, त्याच्या घरात एकही निष्कलंक शब्द नसावा, ही स्थिती भाषाशास्त्राने विचारात घेण्याजोगी आहे.

मातृभाषा ह्या संज्ञेतच भाषेच्या संक्रमणाविषयीची एक कल्पना गृहीत धरलेली आहे. मूल मांडीवर भाषा शिकते आणि त्याच भाषेत आपल्या कुळाचे, धर्माचे, जमातीचे नावही शिकते. अमेरिकेतील ज्यू किंवा कृष्णवर्णी मुलाला रस्त्यावर अपमानाचा शब्द ऐकावा लागला, तर घरी त्या शब्दाचा अर्थ समजावून देणारे आणि त्याच्या बदली दुसरा, सन्मानाचा शब्द देणारे कोणी तरी असते. समलिंगी मुलाचे आईबाप मात्र बहुधा त्याच्या समूहातले नसतात. अपमानाचा शब्द कित्येकदा घरातच प्रथम कानी पडतो, आणि सन्मानाचा शब्द शोधण्यासाठी घराबाहेर, परक्या माणसांत, तेही तारुण्यात जावे लागते. अशा समूहात भाषेचा वारसा एका पिढीकडून दुसरीकडे कसा जातो, आणि तो मध्येच तुटला तर काय होते, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात 'कमिंग आउट' ह्या इंग्रजी शब्दप्रयोगाच्या आधारे करावयाचा आहे. काळ १९६९ ते १९८१ हा, आणि स्थळ मुख्यतः न्यूयॉर्क हे घेतले आहे.

(१) घरात उपलब्ध असलेले शब्द

१९६० च्या सुमारास अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला आपल्या ओढीसंबंधी जे शब्द मिळत, ते तीन ठिकाणचे असत : न्यायालयाचे, रुग्णालयाचे आणि रस्त्यावरच्या शिवीगाळीचे. पुरुषांमधील शरीरसंबंध हा बहुतेक सर्व राज्यांत गुन्हा होता. १९६१ साली इलिनॉय राज्याने आपल्या दंडसंहितेतून तो प्रथम वगळला. न्यूयॉर्क राज्यातील तशा प्रकारचा कायदा तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने रद्द ठरविला तो १९८० साली, म्हणजे डिस्कोयुग सरत आल्यावर. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या मनोविकारांच्या पहिल्या अधिकृत सूचीत समलिंगी ओढ विकार म्हणून नोंदविलेली होती. ती नोंद काढून टाकण्याचा निर्णय डिसेंबर १९७३ मध्ये झाला. त्यापूर्वी सोळा वर्षांचा एखादा जिज्ञासू मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात स्वतःचा अर्थ शोधावयास गेला, तर त्याच्या हाती रोगांची पुस्तके येत.

'गे' हा शब्द ह्या तिन्हींच्या बाहेरचा होता. इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ आनंदी, उत्फुल्ल असा; समलिंगी माणसे आपापसात तो निराळ्या अर्थाने वापरीत, आणि बाहेरच्याला तो नेहमीच्या अर्थाने ऐकू येई. एका कानाला एक आणि दुसऱ्या कानाला दुसरा अर्थ देणारी ही सोय पुढे सार्वजनिक झाली. तथापि 'न्यूयॉर्क टाइम्स' ह्या वृत्तपत्राने हा शब्द ह्या अर्थी आपल्या स्तंभांत विशेषण म्हणून सरसहा स्वीकारला तो १९८७ साली. मधल्या काळात त्या शहरातला तरुण ज्या नावाने स्वतःस ओळखत होता, ते नाव त्याच्या शहराचे प्रमुख दैनिक वापरावयास तयार नव्हते.

(२) कारकविचार : कोठे, कोठून, कोणाला

'कमिंग आउट' ह्या शब्दप्रयोगाचा आज रूढ असलेला अर्थ, म्हणजे स्वतःची लपविलेली ओढ कुटुंबास व समाजास सांगणे, हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. उच्चभ्रू पाश्चात्त्य समाजात उपवर मुलीला एका नृत्यसमारंभात प्रथमच समाजापुढे आणण्याची चाल होती. त्या पदार्पणास 'कमिंग आउट' म्हणत. न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द थोड्या थट्टेने उचलला, हे जॉर्ज चॉन्सी ह्या इतिहासकाराने 'गे न्यूयॉर्क' (१९९४) ह्या ग्रंथात साधार दाखविले आहे. त्या काळी हार्लेमसारख्या वस्तीत मोठमोठे वेषांतर-नृत्यसमारंभ होत. बाल्टिमोरच्या एका कृष्णवर्णी वृत्तपत्राने १९३१ साली अशाच एका समारंभाचे वृत्त पदार्पण करणाऱ्या कन्यांच्या परिभाषेत छापले होते. त्या वेळी प्रयोगाचा रोख गंतव्यावर होता. बाहेर यावयाचे ते आपल्यासारख्यांच्या जगात. मागे काय सोडले, हा प्रश्न त्यात नव्हता.

१९६० नंतर ह्या क्रियापदाला एक नवीन पद येऊन चिकटले : 'क्लॉझेट', म्हणजे घरातील कपड्यांचे वा अडगळीचे बंद कपाट. चॉन्सीच्या मते महायुद्धापूर्वीच्या साधनांत हे रूपक आढळत नाही. घराण्याचा दडविलेला कलंक ह्या अर्थी 'कपाटातील सांगाडा' असा जो जुना इंग्रजी वाक्प्रचार आहे, त्याच्याशी ह्या रूपकाचे नाते जोडले जाते. आता बाहेर यावयाचे ते कपाटातून. दुरावण्याच्या क्रियेत जे स्थिर राहते, ज्यापासून वियोग होतो, त्यास पाणिनीने अपादान म्हटले आहे. ह्या परिभाषेत सांगावयाचे तर, जुन्या प्रयोगात गंतव्य प्रधान होते, नव्या प्रयोगात अपादान प्रधान झाले. हा केवळ व्याकरणाचा फेरफार नव्हे. पूर्वीच्या माणसाला एका समाजात प्रवेश मिळत होता; नव्या माणसाला आपण आजवर कोंडलेले होतो, ह्याची जाणीव झाली. कोंडमाऱ्याला नाव मिळाले म्हणजे तो कोणी तरी घातलेला आहे, हेही दिसू लागते.

तिसरे स्थित्यंतर संप्रदानाचे, म्हणजे सांगणे कोणाला उद्देशून आहे ह्याचे. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा शब्द समलिंगी पुरुषांच्या मद्यगृहात, इतर समलिंगी पुरुषांसमक्ष, प्रथम उपस्थित होणे ह्या अर्थी नोंदविला. बॅरी डँक यांच्या १९७१ च्या समाजशास्त्रीय लेखात त्याचा अर्थ आपण समलिंगी आहोत असे स्वतःशी ओळखणे असा येतो. आणि जून १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील मेळाव्यात हार्वे मिल्क यांनी श्रोत्यांना आवाहन केले, ते आईबापांना, आप्तांना, मित्रांना, शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना सांगण्याचे. परिचितांना सांगितले नाही तर अपरिचितांनी पसरविलेल्या भीतीस उत्तर मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील शाळांतून समलिंगी शिक्षकांना काढून टाकण्याची तरतूद करू पाहणारा प्रस्ताव नोव्हेंबरमधील मतदानात फेटाळला गेला. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २७ नोव्हेंबर १९७८ रोजी, मिल्क यांची हत्या झाली. सजातीयांना, स्वतःला, आणि अखेर घरच्यांना : सुमारे पंधरा वर्षांत एकाच क्रियापदाचे संप्रदान असे बदलत गेले. ह्यातील शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, कारण ज्या घरात हा शब्द नव्हता, त्याच घरात तो परत न्यावयाचा होता.

(३) नृत्यगृह ही पाठशाळा

हा शब्द घराबाहेर कोठे शिकला जात होता, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळापुरते तरी बऱ्याच अंशी नृत्यगृहाकडे नेते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये समलिंगी गिऱ्हाइकांना मद्य देणे हे मद्यगृहाचा परवाना धोक्यात घालण्यासारखे होते, आणि दोन पुरुषांनी परस्परांबरोबर नाचणे हे पोलिसांना आत शिरण्यास पुरेसे निमित्त होई. २८ जून १९६९ च्या पहाटे ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील 'स्टोनवॉल इन' येथे पोलिसांचा छापा पडला असता गिऱ्हाइके पांगली नाहीत, त्यांनी प्रतिकार केला. त्या घटनेच्या वर्षदिनी, २८ जून १९७० रोजी, न्यूयॉर्कमध्ये पहिली मोठी मिरवणूक निघाली. स्टोनवॉलमध्ये नाचता येत असे, ही गोष्ट त्या घटनेच्या वर्णनांत कित्येकदा सुटून जाते.

पुढील दोन-तीन वर्षांत नृत्य हेच संघटनेचे साधन बनले. १९६९ अखेर स्थापन झालेल्या 'गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स' ह्या संस्थेने १९७१ साली वूस्टर स्ट्रीटवरील अग्निशामक दलाची जुनी इमारत भाड्याने घेतली. तेथे सभा भरत, आणि शनिवारी रात्री नृत्य होई. सभेला न येणारा तरुण नृत्याला येई आणि भिंतीवरची पत्रके वाचून जाई. १९७४ मध्ये ही इमारत आगीत जळाली. ती आग लावलेली होती. दुसरीकडे डेव्हिड मँक्यूसो यांनी १९७० साली ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेतच नृत्यमेळे भरविण्यास आरंभ केला. 'द लॉफ्ट' म्हणून ती जागा प्रसिद्ध झाली. प्रवेश निमंत्रणाने असे, मद्य विकले जात नसे, आणि येणाऱ्यांत कृष्णवर्णी, लॅटिन व श्वेतवर्णी, गरीब व सुस्थित असे सर्व असत. किंग स्ट्रीटवरील 'पॅरडाइज गॅरेज' हे १९७७ ते १९८७ असे दहा वर्षे चाललेले नृत्यगृह त्याच परंपरेतले. तेथे लॅरी लेव्हन तबकड्या वाजवीत.

'डिस्को' हा शब्दही ह्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. फ्रेंच भाषेत ग्रंथालयाच्या 'बिब्लिओतेक' ह्या शब्दाच्या धर्तीवर तबकड्यांच्या संग्रहास 'दिस्कोतेक' म्हणत. मुळात 'दिस्कोस' म्हणजे चकती व 'थेके' म्हणजे साठवणीची पेटी हे ग्रीक शब्द आहेत. ज्याला ग्रंथालयात स्वतःविषयी रोगलक्षणांखेरीज काही सापडले नव्हते, त्याला दुसऱ्या प्रकारच्या 'आलया'त काही तरी सापडले, असे म्हणावयास हरकत नाही. तेथील तंत्रही संवादाला अनुकूल होते. दोन तबकडीयंत्रे शेजारी ठेवून एका गीताचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात मिसळला जाई, त्यामुळे ताल तुटत नसे. १९७६ पासून बारा इंची एकगीती तबकड्या बाजारात विक्रीस आल्या आणि तीन मिनिटांचे गीत आठ-दहा मिनिटे चालू लागले. गीत संपण्याची धास्ती नसल्यामुळे संकोची माणसालाही भिंत सोडून मध्ये येण्यास अवधी मिळे. १९८२ च्या अखेरपर्यंत न्यूयॉर्क राज्यात मद्यपानाचे किमान वय अठरा होते. म्हणजे शाळा संपवून शहरात आलेला मुलगा कायद्यानेच मद्यगृहात शिरू शकत होता. तेथे त्याला संबोधने, टोपणनावे, विनोद, सावधगिरीचे इशारे आणि थोरांच्या आठवणी मिळत. लिपीबद्ध शब्दकोश नसलेल्या भाषेचे अध्यापन जसे होते, तसेच हे होते.

ह्या अध्यापनात नात्याचे शब्द आले, हे विशेष महत्त्वाचे. हार्लेमच्या कृष्णवर्णी व लॅटिन वेषांतर-समारंभांत १९७० च्या दशकात 'हाउस' ह्या नावाने ओळखले जाणारे गट उभे राहिले. क्रिस्टल लाबेजा यांचे 'हाउस ऑफ लाबेजा' हे त्यांतील आद्य. फॅशनच्या पेढ्यांवरून घेतलेल्या ह्या शब्दाचा आशय मराठीतील 'घराणे' ह्या शब्दाच्या पुष्कळ जवळ जातो. गटप्रमुखास 'मदर' म्हणत आणि अनुयायी ही तिची 'चिल्ड्रन' असत. घराबाहेर काढलेल्या मुलांना आसरा देणे, हे ह्या आईचे काम केवळ आलंकारिक नव्हते. मातृभाषेबाहेर शिकावयाच्या भाषेला शेवटी माता ही संज्ञा निर्माण करावी लागली, ह्यातच संक्रमणाच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

(४) ध्वनी आणि सहृदय

डिस्को-गीतांच्या अर्थप्रक्रियेकडे पाहिले असता आनंदवर्धनाच्या ध्वनिविचाराची आठवण होते. १९८० साली डायना रॉस यांनी गायिलेले 'आय ॲम कमिंग आउट' हे गीत नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांनी रचले. रॉजर्स यांनी पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार, न्यूयॉर्कच्या एका नृत्यगृहात रॉस यांच्यासारखा वेष केलेले अनेक पुरुष त्यांना दिसले, आणि त्यावरून ह्या गीताची कल्पना सुचली. रॉस यांना मात्र आरंभी ही दुसरी छटा ठाऊक नव्हती. वाच्यार्थ असा की, एक गायिका नव्या उमेदीने लोकांपुढे येत आहे. गीताच्या आरंभीची वाद्यांची सलामी त्या पदार्पणालाच साजेशी आहे. व्यंग्यार्थ, ज्याला तो प्रयोग त्या नृत्यगृहात शिकावयास मिळाला होता, त्यालाच कळे. पदार्पणाचा जुना अर्थ आणि कपाटातून निघण्याचा नवा अर्थ हे दोन्ही येथे एकत्र आले.

रसिकांत काव्याचा ध्वनी ग्रहण करणारा तो सहृदय, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. सहृदयता ही तेथे संस्काराने येणारी पात्रता आहे. डिस्कोयुगात हा संस्कार नृत्यगृहाने दिला. एकच गीत आकाशवाणीवरून लक्षावधी लोक ऐकत. पण दूरच्या गावात, आईबापांच्या मोटारीत मागच्या आसनावर बसून ते ऐकणाऱ्या एखाद्या मुलाला त्यातील दुसरा अर्थ कळे आणि पुढे बसलेल्यांना कळत नसे. आपण एकटे नाही, ही वार्ता त्याच्यापर्यंत अशा गुप्त रीतीने, सर्वांच्या देखत पोहोचे.

ध्वनी हा कवीच्या हेतूवर अवलंबून असतो काय, हा जुना वाद येथेही उपस्थित होतो. 'व्हिलेज पीपल' ह्या गायकसमूहाचे १९७८ चे 'वाय.एम.सी.ए.' हे गीत समलिंगी श्रोत्यांनी आपले मानले, तर आपल्याला तो अर्थ अभिप्रेत नव्हता असे त्याचे गीतकार व्हिक्टर विलिस यांनी म्हटले आहे. श्रोत्यांच्या समूहाने दिलेला अर्थ गीताला चिकटला तो चिकटलाच. उलट, कार्ल बीन यांनी १९७७ मध्ये गायिलेल्या 'आय वॉज बॉर्न धिस वे' ह्या गीतात काहीच ध्वनित ठेवलेले नाही; ते सरळ अभिधेने बोलते. लपविण्याच्या सोयीपासून उघड विधानापर्यंतचा सारा पल्ला एकाच दशकातील, एकाच तालावरच्या गीतांत असा सापडतो.

(५) मर्यादा आणि खंड

ह्या पाठशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. १९७४ साली निघालेले 'फ्लेमिंगो' व १९८० साली निघालेले 'द सेंट' ही सभासदांची नृत्यगृहे होती, आणि त्यांचे सभासद बहुतांशी श्वेतवर्णी व सधन पुरुष असत. जे नृत्य कृष्णवर्णी व लॅटिन कलावंतांच्या संगीतावर उभे होते, त्याच्या काही सभागृहांत तेच लोक क्वचित दिसत. बाहेरून विरोधही वाढला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर दोन बेसबॉल सामन्यांच्या मध्यंतरी डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्यात आल्या. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊ शकला नाही. हा राग केवळ संगीताविषयी होता की संगीत ज्यांचे होते त्यांच्याविषयी, ह्याबद्दल तेव्हापासून वाद चालू आहे.

खरा खंड पडला तो १९८१ पासून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या असाधारण फुप्फुसदाहाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे एड्स हे नाव मिळालेल्या ह्या रोगाची ती पहिली अधिकृत नोंद होय. गायक सिल्व्हेस्टर यांच्या प्रसिद्ध गीतांचे ध्वनिसंयोजक पॅट्रिक काउली १९८२ मध्ये, स्वतः सिल्व्हेस्टर १९८८ मध्ये, आणि 'व्हिलेज पीपल'चे निर्माते झाक मोराली १९९१ मध्ये ह्या रोगाने निवर्तले. ही नावे नोंदली गेली; नृत्यगृहात नवागताला पहिला शब्द शिकविणाऱ्या असंख्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत.

सामान्य भाषेचे भाषक एखाद्या साथीत मेले तर उरलेली आईबापे मुलांना भाषा शिकवितात. ज्या भाषेचे संक्रमण घरातून होत नाही, थोरल्या मित्राकडून धाकट्या मित्राकडे होते, तिचा एक थर नाहीसा झाला म्हणजे पुढच्यांना शिकविण्यास कोणी उरत नाही. १९८५ मध्ये अठरा वर्षांचा झालेल्या मुलाला 'कमिंग आउट' हा शब्द मिळाला, पण तो शिकविणारा माणूस बहुधा रुग्णशय्येवर होता, आणि शब्दाबरोबर भीती मिळाली. आईला सांगावयाचे ते एक वाक्य आता पुष्कळांच्या बाबतीत दोन वाक्यांचे झाले : एक स्वतःच्या ओढीविषयीचे, आणि दुसरे स्वतःच्या आजाराविषयीचे.

(६) शब्द आला, ध्वनी राहिला

'डिस्को' हा शब्द मराठी भाषकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः हिंदी चित्रपटांतून : बिड्डू यांनी संगीत दिलेले 'कुर्बानी'तील नाझिया हसनचे गीत १९८० चे, आणि 'डिस्को डान्सर' १९८२ चा. मुंबईत 'डिस्को दांडिया' असा समासही रूढ झाला. ताल, झगमगाट आणि वेष आला. त्या तालावर न्यूयॉर्कमध्ये जो अर्थ ध्वनित होत होता, तो वाटेत गळून पडला. उसन्या शब्दाबरोबर त्याची अभिधा येते, व्यंजना येत नाही, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

ह्याच सुमारास, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा ही तरुणी आपली स्त्रीविषयीची ओढ बापू ह्या सहाध्यायाला सांगते. तिला संप्रदान मिळाले, परंतु ज्यात पदार्पण करावे असा समाज मिळाला नाही; नाटकाचा शेवट तिच्या आत्मनाशात होतो. तो समाज पुढे हळूहळू आकारास आला : मुंबईत १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक व १९९४ साली हमसफर ट्रस्ट, आणि पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी स्थापलेली समपथिक ही संस्था. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, आणि न्यायालयाकडून येणाऱ्या शब्दांपैकी एक तरी बदलला.

'समलिंगी' हा शब्द शास्त्राच्या घरातून आला आहे. 'समपथिक' हा बरोबर चालणाऱ्या सोबत्याचा शब्द आहे. 'कमिंग आउट' ह्यास मात्र मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ नाही. तरुण मुले मराठी वाक्यात तो इंग्रजी प्रयोगच घालतात. परिभाषासमित्यांनी शब्द घडवावेत, त्यास हरकत नाही. परंतु न्यूयॉर्कच्या उदाहरणावरून असे दिसते की, असा शब्द कोशात जन्मत नाही. तो कोणी तरी कोणाला तरी, ओळखीच्या आवाजात सांगावा लागतो. आजवर तो मुलाने घराबाहेर शिकून भीत भीत घरी आणला. ज्या दिवशी एखाद्या मराठी घरात आईच आपल्या मुलाजवळ तो शब्द सहज उच्चारील, त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने मातृभाषेतला शब्द होईल.